ओशावाची गाडी, खोपोलीची क्रेन

ओशावा हे गाव मी पाहिलेलं नाही आणि आता पाहीन असंही वाटत नाही. कॅनडात ऑन्टारिओ सरोवराच्या काठी ते आहे आणि तिथं जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता, एवढं वाचून माहीत. पण हे नाव मी इंग्रजी मुळाक्षरं गिरवण्याआधी बोटानं चाचपलेलं आहे. नानांच्या क्रेनच्या केबिनमध्ये एक पितळी पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावरची अक्षरं उठावाची होती. दसऱ्याला नाना ती चिंचेनं घासायचे, मग हळदकुंकू, मग झेंडूची माळ. "हे हिचं माहेर," असं आम्हा पोरांना सांगायचे.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, बोरघाटाची चढण सुरू होते त्या बाजूला त्यांचं गॅरेज होतं. अंगणातून टाटांच्या वीजघराकडे उतरणारे जाड नळ डोंगरावर दिसत. वीजघर १९१५चं, घाटातला गाडीरस्ता १८३०चा. त्या मानानं आमची क्रेन तरुण, दुसऱ्या महायुद्धातली.

त्या युद्धात कॅनडानं ८ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बांधल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गाड्या एकाच ठेवणीच्या होत्या आणि त्या फोर्ड आणि शेवरोले या दोन हाडवैरी कंपन्यांनी मिळून बनवल्या, याचं मला अजून नवल वाटतं. नाक आखूड, इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसलेलं, त्यामुळे ड्रायव्हरच्या पायांना जागा म्हणून नाही आणि उन्हाळ्यात मांडी भाजून निघायची. समोरची काच उलटी कललेली, वरची कड पुढं आणि खालची आत. उन्हात काच चमकून वरच्या विमानाला गाडीचा पत्ता लागू नये म्हणून ही योजना. घाटात विमानांची भीती नव्हती, पण त्या काचेमुळे समोरून येणाऱ्याला गाडी सदैव कपाळाला आठ्या घालून बसलेली दिसायची. युद्ध संपलं, गाड्या इथंच राहिल्या, सरकारनं लिलावात काढल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीत सगळ्यांना ठाऊक होता. नानांनी साठच्या दशकात ही शेवरोले एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतली, तेव्हा तिचे आधीचे मालक कोण आणि किती, हे ठेकेदारालाही सांगता आलं नव्हतं.

ती क्रेन नव्हती. साधा ट्रक होता. क्रेन तिला नानांनी केलं.

मागचा हौदा त्यांनी काढून टाकला. लोखंडी चॅनेलच्या दोन भुजा मागं झुकवून वर एकत्र आणल्या आणि शेंड्याला कप्पी बसवली. हातानं फिरवायचं विंच मुंबईला दारूखान्यातून आणलं, तोडलेल्या कुठल्याशा जहाजावरचं. त्याचे दाते इतके रुंद होते की आम्ही पोरं त्यांच्या खाचांत कैऱ्या ठेवून फोडायचो आणि मार खायचो. चॅनेलला जोड देताना नानांनी नकाशा काढला नव्हता. जमिनीवर खडूनं रेघा मारल्या, वेल्डरला बोलावलं आणि काम झाल्यावर बादलीभर पाण्यानं रेघा धुऊन टाकल्या, असं वडील सांगायचे.

जगातली पहिली अशी गाडीही गॅरेजवाल्यानंच घरी केलेली होती. अमेरिकेत चॅटानूगा इथं अर्नेस्ट होम्स नावाच्या माणसाला १९१६ साली ओढ्यात पडलेली एक मोटार काढायची वेळ आली. दोर, ठोकळे आणि अर्धा डझन माणसं लावून त्यात त्याचा अख्खा दिवस गेला. मग त्यानं आपल्या १९१३च्या जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी चढवली. त्या गावात आता टोचनाच्या गाड्यांचं संग्रहालय आहे. नानांना हे कळलं असतं तर ते इतकंच विचारते की पुढच्या चाकांचं काय केलं होतं त्यानं.

कारण खरी अडचण तिथंच असते. मागं जड गाडी उचलली की पुढचा भाग हलका होतो, चाकं रस्त्यावरून सुटायला बघतात आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. घाटाच्या उतारावर असं झालं तर दोन्ही गाड्या दरीत. त्यासाठी नानांनी पुढच्या बंपरवर रेल्वेच्या रुळाचे तुकडे अडकवायची सोय केली होती. नव्वद पौंडी रुळाचे दोन-दोन फुटी तुकडे, प्रत्येकी पंचवीस-सत्तावीस किलोचे. किती लावायचे हे कामावर ठरायचं. निरोप आला की नाना दोन प्रश्न विचारायचे. गाडी भरलेली की रिकामी? आणि तोंड कुणीकडे, मुंबईकडे की पुण्याकडे?

निरोप बहुतेक रात्रीच यायचे. दस्तुरीच्या चौकीवरून, एखाद्या ढाब्यावरून, कधी दुसऱ्या ट्रकचा क्लीनर थांबून सांगून जायचा. ठिकाणं ठरलेली होती: अंडा पॉइंट, शिंगरोबाच्या देवळाच्या वर, अमृतांजन पुलाखाली. मला एकदाच नेलं होतं त्यांनी, आठवीच्या सुट्टीत. कांद्यानं भरलेला ट्रक होता. उतारावर ब्रेक गेल्यावर ड्रायव्हरनं शहाणपणानं तो डोंगराच्या अंगाला घासत आणला होता, पण वळणावर मागचा भाग कठड्यावरून बाहेर गेला आणि तो तसाच अडकून राहिला. नाना पोचले आणि त्यांनी ट्रककडे पाहिलंच नाही. आधी ड्रायव्हरकडे गेले, त्याला दगडावर बसवलं, थर्मासमधला चहा दिला, गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. मला राग आला होता. इतक्या रात्री लोंबकळणारा ट्रक बघायला मिळाला होता आणि हे चौकशा करत बसले होते. पाऊण तासानं त्यांनी टॉर्च घेतला. चाकांखालची माती पायानं उकरून पाहिली. रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका कातळाला आणि एका जुन्या झाडाला साखळ्या घातल्या, मधे कप्पी टाकून दोर दुहेरी केला. दोरावर भिजवलेली पोती टाकली, म्हणजे तो तुटलाच तर उसळून माणूस कापणार नाही. मग सगळ्यांना बाजूला केलं. "दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. देव आला तरी नाही," असं म्हणाले. विंचच्या हँडलवर त्यांचा हाताखालचा पोऱ्या. नाना मात्र विंचपाशी नव्हतेच. ते दोराच्या कडेला, हातभर अंतर सोडून उकिडवे बसले होते. डोळे मिटलेले होते की नाही ते अंधारात दिसलं नाही. "घे," म्हणायचे. हँडल फिरायचं. "थांब." मग बराच वेळ काही नाही. "घे." "थांब." उजाडायला आलं तेव्हा कांद्याचा ट्रक रस्त्यावर होता आणि ड्रायव्हर रडत होता.

पुढचं लवकर सांगता येईल, कारण ते घडलंही लवकर. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. जड वाहनं तिकडं वळली, तिथं क्रेन हायड्रॉलिक आणि ठेका ठरलेला. जुन्या रस्त्यावर सहलीच्या मोटारी आणि त्यांचे उकळलेले रेडिएटर उरले. नानांनी क्रेन गॅरेजमागच्या जांभळाखाली लावली, बॅटरी काढून घेतली आणि ताडपत्री टाकली. २००७च्या पावसाळ्यात ते गेले. आजार लांबला नाही. गॅरेज मिस्त्रीकाकांनी काही वर्षं ओढलं, तेच ते विंचवरचे पोऱ्या, मग त्यांच्याही गुडघ्यांनी नाही म्हटलं. ताडपत्री कधीच फाटून गेली होती. खोपोलीचा पाऊस आणि जांभळाचा चिकट सडा यांनी मिळून जे करायचं ते केलं.

जागा विकायचं ठरलं तेव्हा क्रेनचा प्रश्न आला. भंगारवाला काटा आणि गॅस कटर घेऊनच आला होता. चुलतबहीण नाशिकहून फोनवर म्हणाली, देऊन टाक, आईला त्रास नको. मी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि मिस्त्रीकाकांना घेऊन आलो. काकी, म्हणजे नानांच्या पत्नी, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "हिनं त्यांना उभ्या जन्मात रात्रीचं झोपू दिलं नाही. आता कुठं झोपलीय तर तू उठवायला निघालास."

इंजिन जाम होतं. ते अपेक्षितच होतं. सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, कागदावर ८५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. घाटातल्या इतरांनी अशी इंजिनं केव्हाच काढून डिझेल बसवली होती. नानांनी नाही बसवलं. रोज धावणाऱ्या गाडीला डिझेल परवडतं, आठवड्यात एक-दोनदा बाहेर पडणारीला काय फरक पडतो, हा त्यांचा हिशेब. मिस्त्रीकाकांनी प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ब्रेक ऑइल ओतलं आणि मला घरी जायला सांगितलं. पुढच्या रविवारी आलो तर परत ओतलं आणि परत घरी पाठवलं. जोर लावायचा नाही, असं बजावलं, पिस्टन आपणहून सुटायला हवा. एअर फिल्टरमध्ये मुंग्यांचं वारूळ होतं. पेट्रोलच्या नळीत कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती, इतकी घट्ट की नळीच बदलावी लागली. केबिनच्या तळातून उंबराचं रोप वर आलं होतं आणि क्लचच्या पेडलभोवती त्यानं वेटोळं घातलं होतं. ते काढताना काकांनी हात जोडले. उंबर तोडायचा म्हणजे तेवढं करावंच लागतं.

या सगळ्यात मला जे नव्यानं दिसलं ते असं की, ओशावाचा भाग हरवलेला नव्हता. एवढ्या लांबच्या, एवढ्या जुन्या गाडीचं सगळं मिळत होतं. लष्करी गाड्यांच्या हौशी लोकांनी तिची मूळ पुस्तकं पानन् पान जपून ठेवली आहेत. हेड गॅस्केट आणि कार्बोरेटरचा संच परदेशातून कुरिअरनं आला, खोक्यावर भाग-क्रमांक छापलेला. प्लग पेटण्याचा क्रम गॅरेजच्या भिंतीवर नानांनी तेलरंगात लिहिला होता, १-५-३-६-२-४, आणि आम्ही पोरं तो पाढ्यासारखा म्हणायचो. पुस्तकात तोच होता. टायमिंग बसवायला फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी गोळी ठोकलेली असते आणि त्याच्या आवरणातल्या भोकातून ती बघायची असते, असं पुस्तकात वाचून मी मोठ्या तोऱ्यात काकांना सांगायला गेलो, तर ते आधीच पोटावर पडून टॉर्चनं ती गोळी शोधत होते.

एका सकाळी हँडल बोटभर हललं. मग अर्धा फेरा, मग पूर्ण. व्हॉल्व्ह चिकटलेले होते, ते सुटायला आणखी काही आठवडे गेले. पेट्रोलची टाकी गंजून चाळणी झाली होती म्हणून मिस्त्रीकाकांनी केबिनच्या छताला डबा टांगून सलाईन लावली. सहा व्होल्टची बॅटरी मिळवली. सेल्फ नुसता कण्हला. शेवटी काकांच्या मुलानं हँडल मारलं आणि इंजिन शिंकलं, जांभळाच्या ढोलीतले साळुंक्यांचे आवाज बंद झाले, मग पुन्हा शिंकलं आणि लागलं. निळा धूर सगळ्या अंगणात. मी इंजिनाकडं बघायच्या ऐवजी ओट्याकडं पाहिलं. काकी आत निघून गेल्या होत्या. दुपारी जेवायला वाढताना फक्त एवढं म्हणाल्या, "आवाज बारीक झालाय."

पुण्याच्या एका संग्राहकाला या उठाठेवीचा सुगावा लागला आणि तो बघायला आला. माणूस सज्जन होता, जाणकार होता, काचेचा कल बघून त्यानं गाडीची पिढी सांगितली. त्यानं किंमतही बरी देऊ केली. आणि मग कायदा सांगितला. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, धंद्यासाठी वापरायची नाही, नोंदणीचे २०,००० रुपये, पाटीवर 'व्हीए' ही खूण. इथपर्यंत ठीक. पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. "तेव्हा ही मागची क्रेन काढायची," तो म्हणाला. "लाकडी हौदा बसवू, लष्करी हिरवा मारू. ती पुन्हा होती तशी होईल."

त्याच्या म्हणण्यात चूक काही नव्हती. होती तशी म्हणजे १९४४ साली होती तशी. कुणीतरी कुठंतरी ती चार-दोन वर्षं चालवली असेल, कुठल्या आघाडीवर हेही कुणाला आठवत नाही. नंतरची चाळीस वर्षं ती बोरघाटात उभी राहून माणसं आणि माल वर काढत होती. त्या चाळीस वर्षांना नियमात शब्द आहे: फेरफार. अर्थात नियम करणाऱ्यालाही कुठंतरी रेघ मारावी लागते हे मला कळतं, नाहीतर प्रत्येक जण चार पत्रे ठोकून गाडीला पुराणवस्तू म्हणेल. तरी पण. १८३० सालचा अमृतांजन पूल २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला म्हणून पाडला, तेव्हाही कारण वाहतुकीचं होतं आणि पटण्यासारखंच होतं. पटलं म्हणून बरं वाटतं असं नाही.

संग्राहकाला मी विचार करून कळवतो म्हणालो. त्याला उत्तर माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यानं कार्बोरेटरची एक टीप दिली आणि गेला.

मग मी नानांच्या भागाकडे वळलो, म्हणजे मागच्या क्रेनकडे. भुजा गंजल्या होत्या पण खाल्ल्या गेल्या नव्हत्या. विंच डिझेलनं धुतल्यावर फिरू लागलं. वायररोप टाकाऊ झाला होता, नवा आणला. लोखंडाची कुठलीच अडचण नव्हती. काकांच्या मुलानं एक जुनी मारुती मागं आणून लावली आणि म्हणाला, उचलून बघू. मिस्त्रीकाका गप्प उभे होते. मी हँडल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, दोन फेरे मारले, दोर ताणला गेला आणि त्यांनी हात काढून घेतला.

"काका?"

"अरे, मी नुसतं फिरवायचो," ते म्हणाले. "कधी थांबायचं ते नाना सांगायचे."

मारुतीसारख्या हलक्या गाडीला कसलं आलंय थांबणं, असं मुलगा म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण काकांनी पुन्हा हँडलला हात लावला नाही. ते म्हणाले की दोर बोलतो. ताण येताना एक आवाज असतो, पोटात जाणवणारा, आणि तो बदलायच्या आधी थांबावं लागतं, बदलल्यावर नाही. त्यांनी पंचवीस वर्षं तो आवाज ऐकण्याचा प्रयत्न केला होता. नाना "थांब" म्हणाले की आवाज बदललेला त्यांनाही कळायचा, पण नानांनी म्हटल्यावर. एकदा त्यांनी विचारलंही होतं, नाना, शिकवा ना. नाना म्हणाले होते, बस माझ्या शेजारी. "आणि मी शेजारी बसलो तर हँडल कोण फिरवणार?" असं म्हणून मिस्त्रीकाका हसले, आणि मग बराच वेळ चाकाचे नट उगीचच तपासत राहिले.

हे कुठल्या पुस्तकात मिळणार नव्हतं. ओशावानं गाडीबरोबर सगळं लिहून पाठवलं होतं, ऑइल किती, टायरात हवा किती, कुठला बोल्ट किती आवळायचा. खोपोलीत लिहायची पद्धत नव्हती. नाना शाळेत चौथीपर्यंत गेले होते आणि उधारीची वही सोडली तर त्यांच्या हातचं अक्षर म्हणजे भिंतीवरचे ते सहा आकडे.

निदान रुळाचे तुकडे तरी जागेवर लावू म्हणून आम्ही ते गवतातून गोळा केले. कर्जतजवळच्या माझ्या प्लॉटवर शेड उभी राहतेय. क्रेन तिथं न्यायची, क्रेन म्हणूनच, नोंदणीबिंदणीच्या फंदात न पडता. शेजारच्या पोरांना विंच फिरवून बघता यावं एवढीच अपेक्षा. तुकडे बंपरच्या खाचांत बसवताना आमचा वाद झाला. काकांना आठवत होतं की जड गाडीला सगळे लागायचे, पण भरलेली बेडफोर्ड असेल तर किती आणि नुसती अॅम्बॅसेडर असेल तर किती, यावर आमचं जमेना. काका म्हणाले, ते मी पोचायच्या आधीच लावून झालेले असायचे. निरोप आल्यावर मी वस्तीतून चालत येईपर्यंत गाडी तयार असायची.

"रिकाम्या ट्रकला चार," मागून आवाज आला. काकी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. "भरलेल्याला आठ. मोटारीला एकही नाही. पाऊस असला तर दोन जास्त, आणि तोंड मुंबईकडे असलं तर आणखी एक. रात्री दोन वाजता दुसरं कोण होतं इथं उचलू लागायला? एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. मोठी पोटात असताना तेवढं नाही उचललं."

मिस्त्रीकाका कप हातात धरून तसेच राहिले. काकी वाकून बंपर बघत होत्या.

मी विचारलं, "काकी, आणि दोर कधी थांबवायचा ते?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी घाटात कुठं गेले होते? मला दारापर्यंतचं माहीत." त्यांनी एका तुकड्यावर चापट मारली. "हा उलटा बसवलाय तुम्ही. भोक वरच्या अंगाला हवं, नाहीतर पिन पडते वाटेत. काढा तो."